सी-७००० ची डायरी : ब्लेड बंद, पण दुखणं ब्लेडचं नाही

मागच्या नोंदीत चेसिस, म्हणजे अनेक सर्व्हर एकत्र बसवायची पेटी, जागेवर बसली होती आणि वायरमन काकांची वाट बघणं चाललं होतं. आता यंत्र चालतंय. सहाही ब्लेड (पेटीत सरकवायचे चपटे सर्व्हर) उठतात, आयलोला (प्रत्येक ब्लेडमधली देखरेखीची चिप) लॉगिन होतं, समोरच्या छोट्या पडद्यावरचा अंबर रंग गेला. मध्ये जे रामायण झालं ते सविस्तर लिहितोय, कारण जुनी ब्लेड चेसिस घेणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही ना काही भेटणारच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. एचपीची ब्लेडसिस्टम सी-७०००, १०यू (यू म्हणजे रॅकमधलं उंचीचं माप) उंच. अर्ध्या उंचीची १६ ब्लेड मावतात: वरच्या रांगेत १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. मागे १० पंखे आणि नेटवर्क मॉड्यूलचे ८ स्लॉट, पुढून खाली ६ पॉवर सप्लाय. चेसिसचं हे मॉडेल २००६ चं, माझी ब्लेड बीएल-४६०सी जेन-८. पूर्ण भरलेल्या चेसिसचं वजन २१८ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे घरी दुसऱ्या मजल्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ मित्राच्या तळमजल्यावरच्या गोडाऊनमध्ये तिची सोय झाली. आवाजाबद्दल शेजारी अजून काही बोललेले नाहीत, पण बघतात मात्र विचित्र नजरेनं.

आधी वीज. अमेरिकेतले लोक ही चेसिस घरी चालवताना २०० व्होल्टच्या पुढची लाइन कुठून आणायची म्हणून रडतात. आपल्याकडे २३० व्होल्ट घरातच आहेत, तो प्रश्न सुटलेला. सप्लाय २४५० वॅटचा, पूर्ण भारावर साडेअकरा अँपिअरच्या आसपास खेचेल, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. पण एका सॉकेटवर एकच सप्लाय. एक्स्टेंशन बोर्डावर दोन लावायचा विचारही मनात आणू नका.

आमच्याकडे घोळ निराळाच झाला. सहाही सप्लाय लावले की ईएलसीबी (अर्थला वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडायचा. काकांना वाटलं, कुठलातरी सप्लाय बॉडीला लागलाय. एकेक काढून बघितला, तर एकटा कुठलाच पाडत नाही.

"काका, एकेक ठीक आहे, सगळे मिळून पाडतायत."

"मग गळती सगळ्यांची थोडी थोडी असणार. कॉम्प्युटरच्या दुकानात हेच होतं रे, वीस कॉम्प्युटर एका ईएलसीबीवर टाकले की."

तेच होतं. प्रत्येक एसएमपीएसच्या, म्हणजे अशा पॉवर सप्लायच्या, आत नॉइज फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यामार्फत मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर अर्थला जाणं हे नेहमीचंच. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. गोडाऊनमधला फ्रिज आणि ट्यूब त्याच लाइनवर. इथे ईएलसीबीच बायपास करा असं सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. काकांनी दोन स्वतंत्र लाइन काढल्या, दोन्हीवर वेगळा एमसीबी आणि वेगळा ईएलसीबी, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी-मीठ घालून न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट मोजून दाखवले. आता प्रत्येक लाइनवर दोनच सप्लाय आहेत, एकदाही पडलेला नाही.

चारच का? कारण सहांतला एक निघाला २२५० वॅटचा, बाकीचे २४५० चे. विकणाऱ्यानं मोकळी जागा दिसली तिथे हाताला लागेल तो खुपसलेला. या चेसिसमध्ये सगळे सप्लाय एकाच जातीचे लागतात, मिसळलेले दिसले की ओए, म्हणजे सगळी चेसिस सांभाळणारा ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तक्रार करतो. तो २२५० चा काढला, एक चांगला सुटा ठेवला आणि १, २, ४, ५ या जागी चार लावले. रिडंडन्सीचा, म्हणजे राखीव सप्लायचा, मोड 'एसी रिडंडंट' होता, तो 'पॉवर सप्लाय रिडंडंट' केला. पहिल्या मोडमध्ये निम्मे सप्लाय राखीव धरतात, म्हणजे चारांतून ४९०० वॅटच हाती. दुसऱ्यात एकच राखीव, ७३५० वॅट. दोन वेगळ्या फीडरवरून वीज येत असेल तर पहिला मोड हवाच. आमच्या दोन्ही लाइन एकाच मीटरवरून येतात. महावितरणची वीज गेली की दोन्ही एकदम जाणार, मग त्या मोडला अर्थ काय?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: डायनॅमिक पॉवर. भार कमी असला की ओए जादा सप्लायना झोपवतो, जेणेकरून उरलेले जास्त भारावर आणि जास्त कार्यक्षमतेनं चालतील. छान सोय आहे, पण दोष शोधताना ती बंद ठेवा. नाहीतर झोपलेल्या सप्लायला मेलेला समजून लोक बदली सप्लाय मागवतात.

आता मुख्य प्रकरण. ५ नंबरच्या स्लॉटमधलं ब्लेड उठत नव्हतं. पॉवरचा दिवा अंबर, म्हणजे स्टँडबाय वीज पोचलेली. आयलो चालू, त्यात लॉगिन होतं, सीपीयू-रॅम सगळं दिसतं. बटण दाबलं की काहीच नाही. साधा सर्व्हर असता तर मी मदरबोर्ड नाहीतर बटणाकडे वळलो असतो. पण ब्लेडमध्ये बटण दाबणं म्हणजे अर्ज करणं. ब्लेड आत सरकवल्यावर आधी आयलो उठतो, तो ओएला सांगतो की मी असा असा आहे, मला इतके वॅट लागतील. ओए वीज शिल्लक आहे का आणि हवा पुरेशी आहे का हे बघतो आणि मगच परवानगी देतो. लग्नात कोठीवर बसलेला काका असतो ना, पाट किती मांडले ते मोजल्याशिवाय लाडवाच्या परातीला हात लावू देत नाही, तसं हे प्रकरण. त्यामुळे ब्लेड उठत नसेल तर पेचकस काढण्याआधी ओएला विचारायचं.

विचारलं. कमांड लाइनवर 'शो एन्क्लोजर स्टेटस', मग 'शो एन्क्लोजर फॅन ऑल', मग 'शो सर्व्हर स्टेटस' आणि शेवटी ओएचा सिस्लॉग (घडामोडींची नोंदवही). वीज भरपूर, अडलं होतं हवेपाशी. माझ्याकडे दहापैकी सहाच पंखे आले होते. सहा पंख्यांवर ही चेसिस फक्त १ ते ४ आणि ९ ते १२ एवढेच स्लॉट चालू देते. ५ नंबर त्या यादीतच नाही! तेच ब्लेड ३ नंबरला टाकलं, बटण दाबलं, उठलं.

पंखे कुठे बसवायचे याचेही नियम आहेत आणि ते पाठ असलेले बरे. चार पंखे असतील तर ४, ५, ९, १० या जागा, आणि ब्लेड फक्त १, २, ९, १० मध्ये. सहा असतील तर ३, ४, ५, ८, ९, १०. आठ असतील तर १, २, ४, ५, ६, ७, ९, १०, आणि मग सगळे १६ स्लॉट मोकळे. हे आकडे विचित्र वाटतात, पण चेसिसच्या मागे जाऊन उभं राहा म्हणजे उलगडा होतो. पंखे मागून बघताना डावीकडून मोजतात, वर १ ते ५, खाली ६ ते १०. ब्लेड पुढून मोजतात. मागे उभं राहिलं की पुढचा १ नंबर आपल्या उजव्या हाताला येतो. सहा पंख्यांचे ३-४-५ आणि ८-९-१० मागून उजवीकडे, म्हणजे बरोब्बर १ ते ४ आणि ९ ते १२ च्या पाठीमागे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने पंखे मिळाले. इथे सापळा आहे. सहाचे आठ करताना नवे दोन मोकळ्या जागी सरकवले आणि झालं, असं नाही. ३ आणि ८ या जागा आता रिकाम्या करायच्या असतात. म्हणजे १, २, ६, ७ या चार जागा भरायच्या: दोन नवे आणि दोन तिथून काढलेले. चुकीच्या जागी पंखा असेल तर त्याचा दिवा अंबर लुकलुकतो. अंबर स्थिर असेल तर पंखा खरोखर गेलेला. लुकलुकणं बघून पंखा परत करायला धावू नका, आधी समोरचा पडदा वाचा. मी हे काम सगळी ब्लेड बंद करून केलं. चालू यंत्रातही पंखा बदलता येतो, पण तोपर्यंत बाकीचे पंखे जो आवाज काढतात तो बंद गोडाऊनमध्ये ऐकवत नाही.

दुसरं दुखणं १२ नंबरचं. ते ब्लेड चालू असताना मध्येच ओएच्या यादीतून गायब व्हायचं. इथे एकच नियम: भाग बदलायचा नाही, जागा बदलायची. ब्लेड ११ ला नेलं, ११ चं १२ ला आणलं. दोष ब्लेडबरोबर गेला तर ब्लेडचा, स्लॉटमध्येच राहिला तर मधल्या बोर्डाचा, म्हणजे ब्लेड आणि मागची मॉड्यूल ज्याला जोडली जातात त्याचा. मधला बोर्ड बिघडला असता तर खर्चापेक्षा खोलण्याचंच काम मोठं, म्हणून जीव मुठीत होता. दोष ब्लेडबरोबर ११ ला गेला. तरीही टॉर्च मारून दोन्ही स्लॉटच्या तळाशी कनेक्टर बघून घेतले, एकही पिन वाकडी नव्हती. वाकड्या पिनेवर ब्लेड जोरानं दाबलं तर ब्लेडचा कनेक्टरही जातो आणि मग दोष खरोखर जागोजागी पसरतो.

ब्लेड गायब झालं की उठून ओढून परत बसवायची गरज नाही. ओएमध्ये 'रीसेट सर्व्हर' आणि पुढे स्लॉटचा नंबर दिला की त्या स्लॉटची स्टँडबायसकट सगळी वीज क्षणभर तुटते; ब्लेड हातानं काढून घातल्यासारखंच. चालू सर्व्हरवर देऊ नका, शटडाउन वगैरे काही होत नाही. या कमांडनं ब्लेड परत यायचं, पण काही वेळानं पुन्हा गायब.

मग जुनीच रीत: सगळं काढायचं आणि एकेक परत घालायचं. एक सीपीयू, एक रॅमची पट्टी, डिस्क नाही, मेझनीन कार्ड (ब्लेडच्या बोर्डावर बसणारं जादा कार्ड) नाही. असं ठेवल्यावर ब्लेड स्थिर. रॅम परत घातली, स्थिर. दुसरा सीपीयू, स्थिर. मेझनीनचं फायबर चॅनेल (स्टोरेजच्या नेटवर्कचं) कार्ड बसवलं आणि गायब व्हायला लागलं. कार्ड काढून खालचा कनेक्टर भिंगातून बघितला तर त्यात करड्या धुळीचा थर. ब्रशनं कागदावर झटकली आणि कागदाखालून चुंबक फिरवलं. धूळ चुंबकामागे पळायला लागली. लोखंडाचा कीस! माल जिथे पडून होता ते गोडाऊन अंबडच्या एका ग्राइंडिंगवाल्याला लागून. सातपूर-अंबड पट्ट्यातून जुनं इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्यांनी ही चुंबकाची चाचणी कराच. साधी धूळ हवा अडवते; लोखंडाचा कीस वीज नेतो, तीही नको तिथे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं कनेक्टर धुतला, पूर्ण वाळू दिला, तेच कार्ड परत बसवलं. ब्लेड तेव्हापासून जागेवर आहे. मग बाकीच्या पाचांनाही आंघोळ घातली.

ते कार्ड मात्र शेवटी काढूनच ठेवलं. मेझनीन १ मागच्या ३ आणि ४ नंबरच्या मॉड्यूलला जोडलेलं असतं आणि माझ्याकडे तिथे इथरनेट स्विच आहे. ओए दोन्ही टोकं जुळतात का ते तपासतो, फायबर चॅनेल आणि इथरनेट समोरासमोर आले की बोंब मारतो. ब्लेडचं स्वतःचं नेटवर्क १ आणि २ नंबरला जातं, मेझनीन २ हे ५ ते ८ ला. हे न बघता कार्ड विकत घेऊ नका.

उरला उकाडा. या यंत्राची हवेची मर्यादा ३५ अंश, पण ती समुद्रसपाटीला. दर ३०५ मीटर उंचीला एक अंश वजा. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्यासाठी ३३ धरा. एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळीशी गाठणाऱ्या गावात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये हे कसं जमायचं? सकाळी लवकर चालवतो, अकराच्या आत बंद. बिलाच्या दृष्टीनंही तेच बरं: ५०० वॅटचा सततचा भार म्हणजे दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६०.

पंखे मात्र सकाळीही उगाच जोरात फिरायचे, कारण रिकाम्या स्लॉटना झाकणं नव्हती. हवा सोप्या वाटेनं जाते. उघड्या स्लॉटमधून सरळ मागे पळते आणि ब्लेडच्या आतून जायचा कंटाळा करते. तात्पुरती सनबोर्ड कापून भोकं बंद केली, आवाज तिथल्या तिथे उतरला. पण सनबोर्ड जळणारा आहे, त्यामुळे मी समोर असेन तेवढाच वेळ. मूळ झाकणं शोधतोय.

पुढच्या वेळी १ आणि २ मधली नेटवर्क मॉड्यूल. त्यातल्या एकाचा पासवर्ड आधीच्या मालकाबरोबर गेलाय. दरम्यान कोणाकडे अर्ध्या उंचीच्या स्लॉटची झाकणं किंवा दोन पंखे पडून असतील तर सांगा. पुणे, मुंबई, संभाजीनगर कुठेही असोत, मी गाडी घेऊन येतो.