फ्लॉरेन्समध्ये अत्तराची चांदी शोधताना

आमच्या घरी लग्नकार्यात चांदीची गुलाबदाणी बाहेर निघते. आजीला माहेरून मिळालेली, लांब मानेची, डोक्याला बारीक भोकं पाडलेली. आई आदल्या दिवशी रिठ्याच्या पाण्याने ती घासून ठेवते, आणि दारात उभं राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. म्हणूनच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सोळाव्या शतकातली इंग्लिश ‘कास्टिंग बॉटल’ दिसली तेव्हा पाय तिथेच थबकले. मुठीत मावेल एवढी, चांदीवर सोन्याचा मुलामा, आणि टोपणाला तशीच भोकं! इंग्लंडच्या ट्युडर राजघराण्याच्या दरबारात हिच्यातून गुलाबपाणी शिंपडत. त्या दिवशी ठरवलं, एकदा मेदिची या राज्यकर्त्या घराण्याच्या फ्लॉरेन्सला जायचं आणि अत्तराची चांदी, म्हणजे सुगंधासाठी घडवलेली चांदीची भांडी, पोटभर बघायची.

यंदा मार्चमध्ये तो योग आला. पहिल्या सकाळीच पिट्टी राजवाडा गाठला. तळमजल्यावरच्या संग्रहालयाचं जुनं नाव ‘म्युझेओ देल्यी अर्जेंती’, म्हणजे चांदीच्या वस्तूंचं संग्रहालय. आता त्याला ‘तेझोरो देइ ग्रांदुकी’ म्हणतात. दालनांची भित्तिचित्रं डोळे दिपवतात, पण मी शोधत होते चांदी. ती आहे, मात्र त्यातला मोठा वाटा साल्झबर्गच्या आर्चबिशपांचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँड ड्यूक, म्हणजे इथला राज्यकर्ता, फर्डिनांड तिसरा याने तो इथे आणला. मेदिचींची स्वतःची चांदी त्यांच्यानंतर आलेल्या लॉरेन घराण्याच्या काळात बरीचशी वितळवली गेली.

हे कळल्यावर खरंच वाईट वाटलं. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिने १७३७ मध्ये करार करून हा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही अशी तजवीज केली होती. तिच्यामुळेच चित्रं आणि पुतळे राहिले. पण चांदी कुठल्याही आकारात असली तरी शेवटी पैसाच. नक्षी कितीही बारीक असो, तिजोरीला ओढ लागली की वजन तेवढं बघितलं जातं.

त्याच दालनांत लापिस लाझुली या निळ्या दगडाची ती प्रसिद्ध सुरई आहे. निळीशार, सुमारे ४० सेंटीमीटर उंच, १५८३ सालची. आराखडा बेर्नार्दो बुओन्तालेंतीचा आणि सोन्या-मीन्याचं काम डेल्फ्टहून आलेल्या याक बिलिव्हर्ट या सोनाराचं. ग्रँड ड्यूक फ्रांचेस्को पहिला मेदिची याच्यासाठी ती घडवली. दगडाची असल्यामुळे ती भट्टीतून वाचली.

दुपारी पलाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यात याच फ्रांचेस्कोचा ‘स्तुदिओलो’, म्हणजे छोटी अभ्यासिका, बघितली. खिडकी नसलेली चिंचोळी खोली, भिंतीभर चित्रं आणि काही चित्रांमागे कपाटं. एका चित्रात सोनारांचा कारखाना आहे. दुसरं स्त्रादानो या चित्रकाराचं, १५७० चं, किमयागाराच्या प्रयोगशाळेचं. भट्ट्या, काचेची भांडी, अर्क काढणारी माणसं आणि त्यांच्यातच कामाला लागलेला खुद्द फ्रांचेस्को. अत्तर आणि अत्तराचं भांडं एकाच छताखाली घडवून घेणारा हा माणूस मला फार आवडला.

भांड्याचा आकार त्यात काय भरायचं यावर ठरत असे. आधी होता पोमँडर, म्हणजे ‘पोम द आंब्र’, अंबराचं सफरचंद. कस्तुरी, अंबर, जवादी, डिंक असं सगळं मळून गोळी वळायची आणि चांदीच्या जाळीदार गोळ्यात ठेवून कमरेच्या साखळीला अडकवायची. सडक्या हवेतून प्लेग होतो अशी समजूत असल्याने तो दागिनाही होता आणि औषधही. काही पोमँडर तर संत्र्यासारखे उघडतात. आत सहा-आठ फोडी, प्रत्येकीला सरकतं झाकण आणि त्यावर लवंग, दालचिनी, रोजमेरी अशी नावं कोरलेली. गोळीला हवा हवी म्हणून जाळी. पुढे मद्यार्कातली सुगंधी पाणी दरबारात रुळली. ती उडून जातात, तेव्हा जाळी गेली, मान अरुंद झाली आणि घट्ट टोपण साखळीने बाटलीलाच जखडलं गेलं.

सांता मारिया नोव्हेल्लाच्या औषधालयात दुसऱ्या दिवशी गेले. डोमिनिकन साधूंनी इथे १३८१ मध्येच गुलाबपाणी विकल्याची नोंद आहे. सगळ्यांसाठी दुकान उघडलं १६१२ मध्ये. १५३३ मध्ये चौदा वर्षांची कॅथरीन द मेदिची लग्नासाठी फ्रान्सला निघाली, तेव्हा तिच्यासाठी इथे बर्गमोट या लिंबासारख्या फळाचं ‘राणीचं पाणी’ बनवलं, असं सांगतात. जुन्या चॅपलमधल्या दालनात मी तो वास मनगटावर घेतला. आंबट-गोड, लिंबाच्या सालीसारखा. कॅथरीनच्या बाटलीचा आज मागमूस नाही, वास मात्र अजून विकत मिळतो.

पण ही कस्तुरी नि हा अंबर फ्लॉरेन्समध्ये यायचा कुठून? त्यातला बराच माल पोर्तुगीज जहाजांतून, आपल्या गोव्यावरून. ज्या वर्षी ती निळी सुरई घडली त्याच वर्षी, १५८३ मध्ये, फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीनला उतरला. मिरीच्या व्यापारासाठी आलेला हा माणूस फ्रांचेस्कोला पत्रं लिहायचा. संस्कृतातला ‘सप्त’ आणि इटालियनमधला ‘सेत्ते’, ‘नव’ आणि ‘नोवे’ यांतलं साम्यही त्याने टिपलं होतं. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. पुढच्या शतकात गास्पार आंतोनियो या फ्लॉरेन्सच्याच जेझुइट बंधूने गोव्यात कस्तुरी, अंबर आणि रत्नांची पूड घालून औषधी गोळा बनवला. तो ‘गोवा स्टोन’ नावाने युरोपात गेला आणि सोन्या-चांदीच्या जाळीदार डब्यांत राहू लागला. मला तर तो पोमँडरचा सख्खा भाऊच वाटतो.

परत आल्यावर आईला घेऊन जुन्या गोव्याच्या बाँ जेझूस बॅसिलिकात गेले. फ्रान्सिस झेवियरच्या कबरीचा रंगीत दगडी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचा. मेदिचींपैकी कोझिमो तिसरा याने तो भेट दिला आणि १६९८ मध्ये इथे बसवला गेला. त्यावरची चांदीची पेटी त्याहून जुनी, १६३६-३७ मधली, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली. ती कुणीही वितळवलेली नाही. आई मान उंचावून बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “एवढी सगळी चांदी इथे कोण घासत असेल गं?”