पासवर्ड कुणालाच माहीत नसतो

आपल्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं असं एकदा गावात झालं की मग सुट्टी नसती. प्रिंटर चालंना, फोनमधले फोटो उडाले, आधारचा ओटीपी येईना, अन् या सगळ्यात मला मनापासून आवडणारं काम म्हणजे विसरलेला पासवर्ड. कारण यात समोरच्याला वाटत असतं की पासवर्ड आत कुठंतरी लिहून ठेवलेलाय, मी फक्त वाचून दाखवायचाय. अन् तो तिथं नसतोच.

परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज सेव्हनवर चालणारं. मायक्रोसॉफ्टनं त्या विंडोजला जानेवारी २०२० मध्येच राम राम केला पण मोंढ्याला त्याचं काय, पट्टी निघती ना बस. कॉम्प्युटर नवा घेतला तेव्हा कुणीतरी हुशार पोरानं ते जुनं विंडोज तसंच्या तसं व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसवून दिलं, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खिडकी अन् त्या खिडकीत दुसरा आख्खा कॉम्प्युटर, ज्याची हार्ड डिस्क म्हणजे नुसती एक दांडगी फाईल. पासवर्ड मुनीमकाकांनी ठेवलेला. मुनीमकाका पोराकडं पुण्याला गेले, अन् सोयाबीनची आवक ऐन भरात असताना ते सॉफ्टवेअर उघडायची वेळ आली.

फोन लावला तर काका म्हणाले, "ध्यानातच येईना गेलंय बाबा. नातवाचं नाव होतं बघ, अन् फुडं कायतरी."

नातू तीन. सगळी नावं टाकून झाली होती.

आता अशा वेळी विंडोज बाजूला ठेवून डिस्कवरून दुसरीच सिस्टीम चालू करायची असती. खरा कॉम्प्युटर असता तर स्क्रू काढा, डीव्हीडी ड्राइव्ह आहे का बघा, नसला तर पेनड्राइव्ह तयार करा. व्हर्च्युअल मशीनचं बरं असतं, तिथं डिस्क म्हणजेसुद्धा एक आयएसओ फाईल, म्हणजे आख्ख्या सीडीची एका फाईलीत केलेली नक्कल, स्टोरेजच्या सेटिंगमध्ये जाऊन सीडीच्या चित्राला ती जोडली की झालं. सिस्टीमरेस्क्यू नावाची एक लिनक्सची (म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टीमची) डिस्क फुकट मिळती, मी तीच वापरतो. पण त्याच्या आधी दोन कामं. पहिलं, ती दांडगी फाईल आहे तशी कॉपी करून ठेवायची (पेनड्राइव्ह मोकळा असून पण घेईना, कारण तो फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता अन् त्यात चार जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही, हे मालकाला समजावण्यात एक चहा गेला). दुसरं, विंडोज नीट बंद करायचं. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडं ते लाल बटण असतं ना, त्याला पासवर्ड लागत नाही. झोपवलेलं किंवा अर्धवट बंद केलेलं विंडोज असलं की लिनक्स त्या डिस्कवर काही लिहू देत नाही.

मग मशीन चालू करायची अन् विंडोजऐवजी सीडीवरून सुरू व्हावी म्हणून लगेच एफ१२ दाबायचं. ती संधी डोळ्याची पापणी लवेपर्यंतच असती, अन् माऊस त्या खिडकीत अडकला की बाहेर यायला उजवीकडचं कंट्रोल दाबावं लागतं, मालक मागून म्हणतोय "माऊस मेला का काय". एवढं झालं की काळा पडदा येतो.

इथं खरी गंमत आहे. पासवर्ड विचारायचं काम विंडोज करतं. विंडोजला उठवलंच नाही तर विचारणार कोण? जागल्या झोपलेला असताना दुसऱ्या बांधावरून शेतात उतरल्यासारखं आपण त्याच डिस्कवर दुसरीच सिस्टीम घेऊन हिंडत असतो. विंडोजच्या फोल्डरात सिस्टीम३२, त्यात कॉन्फिग, त्यात सॅम नावाची फाईल. सगळ्या युजरची नावं तिच्यात, पण पासवर्ड नाही, पासवर्डचा हॅश, म्हणजे गणितानं दळून काढलेला एक आकडा, ज्याच्यावरून उलटं मागं जाता येत नाही. फार तर एकेक शब्द दळून बघायचा, जुळतो का म्हणून. त्यापेक्षा पुसणं सोपं. पेटर नोर्डाल-हागेन या नॉर्वेच्या माणसानं लिहिलेला एक बारका प्रोग्राम सिस्टीमरेस्क्यूच्या डिस्कवर असतो, तो युजरची यादी दाखवतो, एक आकडा दाबला की पासवर्डची जागा कोरी. शेवटी विचारतो, फाईल लिहू का? तिथं नुसतं एंटर मारलं तर उत्तर 'नाही' असं धरलं जातं अन् सगळी मेहनत पाण्यात. वाय दाबायचं. आतल्या फायली विंडोजच्याच सोयीनं एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर मात्र असं पुसल्यावर त्या उघडत नाहीत, पण काकांना एन्क्रिप्ट माहीत नव्हतं, तेवढं बरं.

पूर्वी पासवर्ड खरंच लिहूनच ठेवलेले असायचे. १९६१ ला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात कोर्बाटो नावाच्या शास्त्रज्ञाच्या टीमनं एक कॉम्प्युटर अनेकांनी मिळून वापरायची सिस्टीम केली तेव्हा प्रत्येकाला पासवर्ड दिला, अन् १९६२ ला ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्यानं पासवर्डची सगळी फाईलच छापून घेतली, का तर त्याला मिळालेला मशीनचा वेळ पुरत नव्हता, दुसऱ्यांच्या नावावर बसायचं होतं. आपल्याकडं नळाच्या पाण्याला नंबर लावणाऱ्याला हे लगेच कळंल.

तर मोंढ्यातलं विंडोज उघडलं, पट्ट्या निघाल्या. मालक खूश, पण एकच धोशा, "अन् होता काय पासवर्ड?" म्हणलं ते मलाबी नाही माहीत, विंडोजलाबी नव्हतं. त्यांना हे काही पटलं नाही. त्यांच्या मते मी बघितलाय अन् सांगत नाही.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच डिस्क एन्क्रिप्ट करायचं कुलूप, असलं की मात्र ही लिनक्सची डिस्क काही कामाची नाही. तिथं आख्खी हार्ड डिस्कच कुलूपबंद, बाहेरून बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. ४८ आकडी रिकव्हरी की असली तर ठीक. एक मास्तर लॅपटॉप घेऊन आले होते, त्यांना आधी त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघायला लावलं, सापडली. नसती सापडली तर मी पण हात जोडले असते, अन् खरं सांगू, हेच बरोबर आहे. माझ्यासारख्याला कुणाचंही मशीन अर्ध्या तासात उघडता येणं ही काय चांगली गोष्ट नाही.

मागं एक कॉलेजचा पोरगा आला, लॅपटॉप भारी, पासवर्ड विसरलो म्हणाला. युजरचं नाव एका पोरीचं होतं. विचारलं तर म्हणी बहिणीचाय. म्हणलं मग लाव तिला फोन, स्पीकरवर टाक, दोन मिनिटात करून देतो. रेंज नाही म्हणत बाहेर गेला तो गेलाच.