तुम्ही विचारलंत म्हणून: पात्यावरची नक्षी

पुण्याला आलो की कुणीतरी फोनवरचा माझ्या सुरीचा फोटो बोटांनी मोठा करून विचारतंच, "ही नक्षी कशाने कोरता? आणि तिच्यामुळे सुरी जास्त कापते का?"

कोरत नाही. नक्षी पोलादाच्या आतच असते.

मी मिनेसोटात राहतो. गॅरेजमध्ये भट्टी आणि ऐरण आहे. इथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, आणि हरीण सोलायला लागणाऱ्या चार इंची पात्याच्या सुऱ्या मी ओळखीच्या शिकाऱ्यांसाठी घडवतो.

१०८४ हे साधं कार्बन पोलाद आणि १५एन२०, ज्यात साधारण २ टक्के निकेल असतं, अशा पंधरा पट्ट्या घासून लख्ख करायच्या आणि एकाआड एक रचायच्या. टाकणखार टाकून भट्टीत सरकवायच्या. रंग लाल, नारिंगी, मग पिवळा होतो. पिवळ्यावर पांढरी झाक आली आणि वितळलेला टाकणखार तेलासारखा हलायला लागला की बाहेर. पहिले ठोके हलक्या हाताने, पण भराभर घालायचे. जोरात मारलं तर थर घसरतात, रेंगाळलं तर सांधा कच्चा राहतो. जोडलेला गठ्ठा लांबवायचा, चार तुकडे करून एकावर एक ठेवायचे, पुन्हा जोडायचा. १५ चे ६०, ६० चे २४०. पातं घासून झालं की फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावणात, बुडवायचं. १०८४ काळं पडतं, निकेलवालं चकाकत राहतं. तुम्ही पाहता ती नक्षी म्हणजे थरांच्या कडा.

जुनं दमास्कस, म्हणजे नक्षीच्या तलवारींसाठी नावाजलेलं पोलाद, वेगळं. त्यासाठीचं पोलाद मुशीत वितळवून दक्षिण भारतात बनायचं. तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं. त्याची नक्षी थंड होताना धातूच्या पोटातच जमायची. माझी थरांची आहे, आणि मी घेणाऱ्याला हे आधीच सांगतो.

आता दुसरा प्रश्न. नक्षीमुळे सुरी जास्त कापत नाही. कापते ती पाणी दिल्यामुळे, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यामुळे, आणि ते कुठल्याच फोटोत दिसत नाही.

हे मला एका पात्याने शिकवलं. गावच्या लोहाराला विळा तापवून पाण्यात बुडवताना लहानपणी पाहिलं होतं. "पाणी देणं" हा शब्दच डोक्यात बसलेला. माझं दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारांचं पातं मी तसंच पाण्यात घातलं. काचेच्या पेल्याला नख लागावं तसा बारीक "टिंग" आवाज झाला. धारेपासून वर, केसाएवढी चीर. या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, त्याला तेल लागतं. ते पातं अजून भट्टीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं आहे.

तेव्हापासून मी घाई सोडली. पातं तापत गेलं की सुमारे ७७० अंश सेल्सियसला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर, ८१५ च्या आसपास, नेऊन कोमट तेलात सोडतो. मग कानस फिरवतो. ती काचेवरून सरकल्यासारखी निसटली की पातं कडक झालं. पण इतकं कडक पातं हाडाला लागलं तर टवका उडेल. म्हणून २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा शेकतो. नक्षी उठवायला पंधरा मिनिटं पुरतात. सुरीचा जीव या चार तासांत ठरतो.

मुठीला चकाकी ठेवत नाही. उघड्यावर, थंडीत, हात रक्ताने आणि चरबीने ओले असताना ती घसरता कामा नये.

शेजाऱ्यांची सुरी परवा धारेला आली. तीन हंगाम वापरलेली. अंगठा टेकतो तिथली नक्षी पुसट झाली आहे. पुन्हा उठवून देऊ का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, राहू दे, फक्त धार लाव. सहाणेवर पाणी घातलंय, तेच काम आता चाललंय.