जोड शोधणारे काका

शिकागोच्या डाउनटाउनमधली शिल्पं आणि भित्तिचित्रं दाखवत फिरणं हे माझं शनिवार-रविवारचं काम. गिऱ्हाईक बहुतेक मराठी. मुलगी किंवा मुलगा इथे नोकरीला, आई-वडील उन्हाळ्यापुरते आलेले. आई-वडलांना खरं तर लेक मिशिगन हे सरोवर बघायचं असतं. ‘अगं, हा तर समुद्रच की!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांच्याआधी मीच म्हणून टाकते. मग चालणं सुरू. माझं बोलणंही ठरलेलं: कलाकार, साल, उंची, एक किस्सा, फोटो, पुढे चला.

त्या शनिवारी चौघं होते. काका, काकू, मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू. मुलीनं मला बाजूला घेऊन आधीच सांगितलं, “बाबांना कलेबिलेत काही इंटरेस्ट नाहीये. लवकर आटपलं तरी चालेल.”

सुरुवात नेहमीप्रमाणे डेली प्लाझा या चौकातल्या पिकासोच्या शिल्पापासून. अनावरण १५ ऑगस्ट १९६७. तारीख ऐकून काकू हसल्या, सगळेच हसतात. उंची ५० फूट, वजन १६२ टन. पिकासोनं एक लाख डॉलरचं मानधन नाकारलं, शिल्प शहराला भेट दिलं आणि स्वतः शिकागोत कधी पाऊल ठेवलं नाही. शिल्पाला नावही दिलं नाही. कुणाला बाई दिसते, कुणाला कुत्रा. एवढं म्हणून मी सवयीनं पुढचं वाक्य टाकलं, “आणि पावसापाण्यानं गंजून गंजून याला हा रंग आलाय.”

“गंजलंय ते मुद्दाम,” काका म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. “कॉर्टेन पोलाद आहे हे. वरचा थर एकदा धरला की आत गंज जात नाही, म्हणून रंग लावायचा नसतो. आमच्याकडे मालगाडीच्या वॅगनला हाच पत्रा यायचा. चौतीस वर्षं तेच केलं.”

आणि ते चक्क शिल्पाखाली वाकले. नातू आणि इतर पोरं उतरत्या प्लेटवरून घसरगुंडी करत होती, आणि हे शेजारी उकिडवे बसून जोडावरून बोट फिरवत होते. मला वाटलं चष्मा पडला.

“काका, काय शोधताय?”

“पंच.”

मग त्यांनी समजावलं. कारखान्यात प्रत्येक वेल्डरला नंबर असतो. जोड पूर्ण झाला की शेजारी तो नंबर ठोकायचा. उद्या तिथे चीर गेली तर कुणाचा हात होता ते कळतं. “माझा चौदा.” इथे त्यांना नंबर सापडला नाही. “घासून टाकला असेल,” असं म्हणून उठले, गुडघा धरून. “हे उभं केलं कुठं?”

आता हे मला माहीत होतं. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. याच लेकच्या दक्षिण टोकाला, पलीकडच्या इंडियाना राज्यात, गॅरी म्हणून गाव आहे. तिथे पोलादाचा कारखाना. लोहखनिज वरून, मिनेसोटाकडून, लेकमधूनच बोटींनी यायचं. शिल्प आधी गॅरीत पूर्ण जुळवून बघितलं, मग सोडवलं, इथे आणून परत जोडलं. काका ऐकत होते. “ट्रायल असेंब्ली,” म्हणाले, “ते करावंच लागतं.” शागालचं मोझेक, काल्डरचं शिल्प ‘फ्लेमिंगो’ ही पुढच्या ठिकाणांची नावं मी घेतली तेव्हा त्यांच्या मुलीनं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

शागालला आम्ही फार थांबलो नाही. माझं ते सर्वांत लाडकं आणि सर्वांत जास्त जांभया तिथेच येतात. फ्लेमिंगो १९७४ चा, ५३ फुटी, लालभडक. त्याच्या कमानीखाली उभं राहून काकांनी बोल्टांच्या रांगा बघितल्या आणि म्हणाले, “लपवले नाहीत, बरं केलं.” कलेच्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत, पण मला त्या चार शब्दांत बरंच कळलं.

मग मिलेनियम पार्क आणि क्लाउड गेट, म्हणजे सगळ्यांचा ‘बीन’. अनिश कपूरचा जन्म मुंबईचा, हे वाक्य मी इथे जरा छाती फुगवून म्हणते. ११० टन, स्टेनलेस स्टीलच्या १६८ प्लेटा. काका पुढे गेले आणि तळहात ठेवून चालायला लागले. दहा पावलं गेले, परत आले.

“एसएस आहे हे,” ते मुलीला म्हणाले, जणू तिला ते कळायलाच हवं. “वेल्डिंगला तापलं की वेडंवाकडं होतं. कितीही घासलं तरी जोडापाशी खळगा राहतो. हाताला नाही लागणार. डोळ्याला लागेल.”

नातवाला त्यांनी पोलादाच्या अगदी जवळ उभं केलं. “त्या उंच इमारतीची कड दिसते का आत? तिच्यावर नजर ठेव आणि हळूहळू सरक. कड कुठे उडी मारते ते सांग.” पोरगं गाल चिकटवल्यासारखं सरकत गेलं. कड वाकली, ताणली गेली, पातळ झाली; उडी काही मारेना. मग काका स्वतः सरकले. मग मुलगी. मग, कबूल करते, मीसुद्धा. गेली कित्येक वर्षं मी इथे लोकांचे फोटो काढतेय, या पृष्ठभागाकडे असं एकदाही बघितलं नव्हतं.

मी सांगितलं, की २००४ मध्ये हे पहिल्यांदा लोकांना दाखवलं तेव्हा जोड दिसत होते. पुढे परत झाकून घेतलं, घासून-घासून जोड घालवले, आणि मे २००६ मध्ये रीतसर लोकार्पण झालं.

“कोण होते पोरं?”

“इथलेच कामगार. नावं नाही मला ठाऊक.”

काकांनी मान डोलावली आणि खिशातला रुमाल काढून स्वतःच्या पंजाचा ठसा पुसला.

दुपारी पिंक लाइननं पिल्सेनला गेलो. मेक्सिकन वस्तीतला हा भाग भित्तिचित्रांनी भरलेला. १८ व्या रस्त्याचं स्टेशनसुद्धा रंगवलेलं. गाडीत मी माझा भित्तिचित्रांचा किस्सा सांगितला: पिकासोचं शिल्प आलं त्याच १९६७ साली शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका इमारतीवर आपल्या माणसांचे चेहरे रंगवले, ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’. १९७१ च्या आगीत इमारतीचं नुकसान झालं, पुढे ती पाडली, चित्र गेलं. काकूंना हे फार लागलं. दिवसभर गप्प होत्या, ते एकदम म्हणाल्या, “फोटो तरी आहेत ना गं?” आहेत म्हटल्यावर त्यांनी पर्समधून गोळ्या काढून सगळ्यांना वाटल्या.

१६ व्या रस्त्याची भिंत म्हणजे रेल्वेच्या भरावाची काँक्रीटची भिंत. लांबच लांब, एकापुढे एक चित्रं. कुठे पाणी झिरपून पोपडे आलेले, कुठे ताजा रंग. काकूंना निळ्या रंगाची एक बाई आवडली, तिच्यासमोर सगळे उभे राहिले. मी मोबाइल धरला, “इकडे बघा” म्हणाले, आणि नेमकी वरून मालगाडी आली.

तो फोटो माझ्याकडे आहे. तिघं माझ्याकडे बघून हसतायत. काकांची मान मागे पडलेली, तोंड किंचित उघडं, आणि उजव्या हाताचं बोट हवेत. ते वॅगन मोजत होते.