भिंतीवरचा हिशोब

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकलच्या बाजारात, माल घ्यायला गेलो की हमखास कोणीतरी गाठतं. परवा एका तरुण ठेकेदाराने चहा सांगितला आणि कप हातात यायच्या आत विचारलं, "काका, धंद्याला सॉफ्टवेअर घ्यायचंय. कुठलं घेऊ?" इलेक्ट्रिकलची कामं घेणारे जेवढे ओळखीचे आहेत, तेवढ्यांनी एकदा तरी हे विचारलंय. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहितोय.

आधी मला सांगा, तुमचा पैसा गळतो कुठं? मला हे कळायला वीसेक वर्षं लागली. वाटायचं, आपण भाव कमी लावतो म्हणून हातात काही उरत नाही. मग धायरीत बारा फ्लॅटच्या एका बिल्डिंगचं काम संपलं. फायनल बिल करायला घेतलं. दिवा, पंखा, सॉकेट अशी प्रत्येक जागा आम्ही एक पॉइंट म्हणून मोजतो. वायरमनला विचारलं, "वाढीव पॉइंट किती झाले रे?" तो म्हणाला, "लिहून ठेवलेत की शेठ, तिसऱ्या मजल्यावर." म्हणजे भिंतीवर, पेन्सिलने. आमच्या लाइनमध्ये वहीपेक्षा भिंत जवळची. वर जाऊन बघतो तर पुट्टीवाले दोन हात मारून गेलेले. भिंत कशी दुधासारखी! तिच्याखाली माझे किती पॉइंट गाडले गेले, ते आजही सांगता येणार नाही.

फ्लॅटमालक येतो, म्हणतो, "इथं एसीचा पॉइंट द्या, आणि बेडजवळ टू-वे स्विच करा." आपला माणूस झिरी मारतो, पाइप टाकतो, वायर ओढून मोकळा होतो. तीन महिन्यांनी बिल दिलं की तोच मालक विचारतो, "मी कधी सांगितलं होतं?" ही गळती ज्यानं थांबेल ते सॉफ्टवेअर चांगलं. बाकी गोष्टी नंतर.

हे मला कळायच्या आधी मी एक घेऊन बसलो होतो. नाव सांगत नाही. डेमो बघून भुललो. नकाशावर आपली माणसं फिरताना दिसायची, रंगीबेरंगी तक्ते यायचे. महिन्याभरात कळलं की ते घरोघरी दुरुस्तीला माणूस पाठवणाऱ्यांसाठी बनवलंय. बिल तासावर. आपला भाव पॉइंटवर, पाइपचा मीटरवर, डीबीचा, म्हणजे वायरिंगच्या मुख्य पेटीचा, नगावर. आणि बिल्डरकडचं बिल एकदम होत नाही, आरए बिलं, म्हणजे काम पुढं सरकेल तशी टप्प्याटप्प्याची बिलं, निघतात: आधीच्या बिलात किती मोजलं, आत्ता किती, एकूण किती. हे तीन रकाने त्याला शेवटपर्यंत जमले नाहीत.

वर त्यानं एक घोळ घातला. एक लाखाचं बिल होतं. 18 टक्के जीएसटी धरून 1,18,000. माझी फर्म एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे बिल्डरने 1 टक्का टीडीएस, म्हणजे माझ्या नावचा आयकर, आधीच कापला, 1,000 रुपये. 5 टक्के रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून राखलेली रक्कम, ठेवलं, 5,000. खात्यात 1,12,000 आले. सगळं रीतसर. पण सॉफ्टवेअरच्या लेखी 6,000 थकले होते. त्याने आपणहून बिल्डरला मेसेज धाडला, आणि दर आठवड्याला धाडत राहिला. शेवटी त्यांच्या ऑफिसातून फोन आला, "टीडीएस कापला म्हणून आम्हाला तगादे लावता होय?" माफी मागून विषय मिटवला. तेव्हापासून कोणी डेमो द्यायला आला की मी हेच बिल त्याच्यासमोर ठेवतो. टीडीएस एका खात्यात जायला हवा, म्हणजे वर्षाअखेरी आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघता येतो. रिटेन्शन वेगळं दिसायला हवं, आणि ते कधी सुटणार ती तारीख समोर यायला हवी. रिटेन्शन मागायचं आपणच विसरतो, बिल्डर काही आठवण करून देत नाही.

दुसरी परीक्षा वायरची. विकत घेतो बंडल, वापरतो मीटर. घरगुती वायरचं बंडल 90 मीटरचं. साइटवर चार बंडलं पाठवली, अडीच एमएमची. त्यातली साडेतीन लागली. उरलेलं अर्धं कुठं गेलं? परत गोडाऊनला आलं, दुसऱ्या साइटला गेलं, की भंगारवाल्याच्या काट्यावर चढलं? तांब्याचे भाव बघता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे सॉफ्टवेअर बंडल आणि मीटर दोन्ही धरत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.

मी आज काय वापरतो? हिशोबाला टॅली. माझ्या अकाउंटंटला येते, सीएला येते, आणि अकाउंटंट सोडून गेला तर दुसरा माणूस आठवड्यात मिळतो. हा गुण कुठल्याच डेमोत दाखवत नाहीत. टॅलीत प्रत्येक साइट मी गोडाऊन म्हणून उघडलीय, आणि कॉस्ट सेंटरही केलंय. माल चलनावर साइटच्या गोडाऊनला जातो, परत आला की परत नोंदवतो. मजुरी, उचल, टेम्पोभाडं त्या साइटच्या नावे. त्यामुळे कोणत्या कामाने पोट भरलं आणि कोणत्या कामाने नुसतं दमवलं, ते दिसतं. एका मोठ्या बंगल्याचं काम मी वर्षभर मिरवत होतो. आकडे बघितल्यावर मिरवणं बंद केलं. उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, तेही त्यातून निघतं. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

साइटसाठी मात्र टॅली कामाची नाही. तिथं फोनवरचं एक साधं अ‍ॅप आहे: हजेरी, आलेला माल, वाढीव काम. ते निवडताना मी सेल्समनचं ऐकलं नाही. फोन सरळ आमच्या वायरमनच्या हातात दिला. तो शिडीच्या घोडीवर चढलेला, एका हातात पक्कड. म्हटलं, "एक वाढीव पॉइंट टाकून दाखव." पहिल्या अ‍ॅपमध्ये त्याला लॉगिनच होईना. दुसऱ्यात सतरा रकाने, तेही इंग्रजीत. तिसऱ्यात मराठी होतं, फोटो काढला, फ्लॅट नंबर टाकला, झालं. तेच घेतलं. किंमत तिघांत मधली होती.

आणि पैसे भरण्याआधी विचारा: उद्या मी सोडून गेलो तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का? "मिळेल" म्हणाले तर समोर काढून दाखवायला लावा. माझं त्या पहिल्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं संपलं त्या दिवशी आठ महिन्यांच्या नोंदी कुलुपात गेल्या. पार्टीचे पत्तेसुद्धा मी जुन्या चलनांवरून परत लिहून काढले.

तुमच्याकडे चार माणसं आणि दोन साइट असतील तर यातलं काहीच घेऊ नका अजून. कार्बनची दुहेरी वही घ्या, वाढीव कामाखाली फ्लॅटमालकाची सही घ्या. सहीची सवय नसेल तर अ‍ॅपही तीच पुट्टी.

आमचा तो वायरमन अजूनही आधी भिंतीवरच लिहितो. सांगून थकलो. पण आता लिहून झालं की त्या भिंतीचाच फोटो काढून अ‍ॅपमध्ये टाकतो, कोपऱ्यात तारीख-वेळेसकट. गेल्या महिन्यात एका मालकाने नेहमीचं विचारलं, "मी कधी सांगितलं होतं?" फोटो दाखवला. पेन्सिलच्या आकड्यांशेजारी, बोट दाखवत, तेच उभे होते.