क्लॉझेटमधला ओक

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबात कधी ना कधी 'ती' भिंत पाडायचं ठरतंच. स्वयंपाकघर आणि डायनिंगच्या मधली. पोळ्या लाटता लाटता पाहुण्यांशी बोलता यायला हवं ना! भिंत जाते चुटकीसरशी. मागे उरतो चार-पाच इंचांचा उघडा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जुनी ओकच्या लाकडाची जमीन.

आमच्या न्यू जर्सीत १९५०च्या दशकातल्या घरांत ही जमीन बहुधा रेड ओकची. सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या. एका कडेला जीभ, दुसरीला खोबण. खिळा जिभेतून तिरका ठोकतात, म्हणून वरून एकही दिसत नाही. याच मापाच्या पट्ट्या आजही मिळतात. पण नवा रेड ओक फिकट, किंचित गुलाबी. जुना उजेडाने आणि वरच्या पॉलिशने पिवळसर तपकिरी पडलेला. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारून ही तफावत झाकतात, ते मला पटत नाही. दिवसा जुळलेला रंग दिवे लागले की वेगळाच दिसतो.

आमच्याकडे आलेल्या कारागिराने ओक रेड की व्हाइट ते बघायला आधी फळीचा छोटा तुकडा कापला, त्याचं एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसरं तोंडात धरून फुंकर मारली. बुडबुडे आले. रेड ओकच्या नळ्या उघड्या असतात, हवा आरपार जाते. व्हाइट ओकच्या बुजलेल्या असतात, म्हणून तर व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. माणूस मला तिथेच आवडला.

मग त्याने बेडरूमच्या क्लॉझेटमधली, म्हणजे भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटातली, जमीन उचकटली. तिथल्या जुन्या पट्ट्या डायनिंगला, दुकानातल्या नव्या क्लॉझेटमध्ये, बुटांखाली. रफूवाला शालूच्या आतल्या दुमडीतून धागा काढून मधलं भोक भरतो, अगदी तसं. तुकडे नुसते ओळीने बसवले असते तर भिंत कुठे होती ते आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून त्याने दोन्हीकडच्या पट्ट्या कुठे हातभर, कुठे वीतभर मागे कापल्या आणि त्यांच्यात आणलेल्या पट्ट्या सरकवल्या. सांधे सगळे मागेपुढे.

त्यानंतर सँडिंग. आधी भरड कागद, मग बारीक. दारांना प्लॅस्टिक लावूनही धूळ मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचली. हे दर दिवाळीला करण्याचं काम नव्हे. जिभेच्या वर जेमतेम पाव इंच लाकूड असतं आणि प्रत्येक वेळी त्यातलं थोडं जातं.

शेवटी पॉलिशवरून घरात दोन तट पडले. पाण्याचं पॉलिश लवकर वाळतं, वासही कमी, पण रंग फिकटच राहतो. तेलाचं नाकात जातं, पण वर्षागणिक पिवळं होत जातं. जुन्या ओकला तेलाचंच शोभतं, असं मी म्हटलं आणि तेच लागलं. वास जाईपर्यंत सगळ्यांची रवानगी मावसबहिणीकडे, एडिसनला. तिच्याकडे लॅमिनेट आहे, म्हणजे वर लाकडाचा नुसता छापा असलेल्या तयार फळ्या. "आमचं शनिवारी सुरू केलं, रविवारी संपलं," तिने जेवायला वाढता वाढता ऐकवलंच.