परीक्षा यांची, बोट माझं

रविवार, रात्री

कापूस वेचून आले, हातपाय धुतले, चहा ठेवला, तर हे मोबाइल घेऊन चुलीजवळच येऊन बसले. हे चुलीजवळ आले म्हणजे काहीतरी काम असतंच.

"अवं, थे लर्निंग लायसनची परीक्षा घरूनच होते म्हनते."

"होते नं. अर्ज तर भरून ठेवला मी तुमचा."

"मंग परीक्षा बी देऊन टाक नं माही. आज नेट बरं हाय."

मला वाटलं मस्करी करतायत. पण यांनी सगळी योजना ठरवलेली होती. कॅमेऱ्यासमोर हे बसणार, चेहरा यांचा दिसणार, आणि मी बाजूला बसून उत्तरांवर बोट लावणार. "तोंड माहं दिसलं म्हंजे झालं. बोट कोनाचं हाय थे कोन पाह्यते?"

मी नाही म्हटलं. त्यात काही मोठा बाणेदारपणा नव्हता. खरं सांगायचं तर आधी रागच आला. आमच्या घरचं सेतू केंद्र मीच आहे. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हापासून भर उन्हात बांधावर उभी राहून पऱ्हाटीचे आणि तुरीचे फोटो मीच काढते. पीएम किसानची केवायसी मी केली, शेतकरी ओळख क्रमांक मी काढला. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी पाहिजे, तीही मीच केली. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव होता, पण तो मिळवायचा तर आधी माझ्या बोटाला तासभर काम. लाडकी बहीणची माझीच केवायसी होती, तर त्यात नवऱ्याचा आधार क्रमांक आणि ओटीपी लागला. "ओटीपी आला का?" एवढंच आम्ही नवराबायको दिवसभर एकमेकांना विचारत असतो, असं कधीकधी वाटतं.

यांना ही परीक्षा त्याच रांगेतली वाटली. तेच आधार, तोच ओटीपी, तीच खाली 'सबमिट'ची पट्टी. जून २०२१ पासून आपल्या राज्यात शिकाऊ परवाना घरबसल्या निघतो. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा, मग १५ प्रश्न, त्यातले ९ बरोबर आले की पास. यवतमाळला आरटीओत जायचं म्हणजे दारव्ह्यापर्यंत काळीपिवळी, पुढे एसटी आणि मजुरीचा दिवस बुडाला. त्यापायी ही सोय चांगलीच आहे. पण सरकारनंच अर्ज आणि परीक्षा एका खिडकीत बसवले, तर माझ्या नवऱ्याला दोन्ही सारखेच वाटले, यात त्यांचा एकट्याचा दोष मला दिसत नाही.

सासूबाई ओसरीतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "देऊन दे व माय, परक्याचं थोडीच हाय? नवऱ्याचंच काम हाय." पोरगी सहावीत आहे. ती म्हणाली, "मी देतो बाबाची परीक्षा. पन्नास रुपये लागतीन."

सोमवार

हे फुगून बसले. भाकर मुकाट्यानं खाल्ली, कांदा मागितला नाही.

परवाना यांना हवाय याचं कारण मला माहीत आहे. मागे दारव्हा रोडवर तपासणी लागली होती, तिथे यांच्या चुलतभावाला विनापरवाना म्हणून दंड बसला. नव्या कायद्यात ५,००० रुपये. त्याहून मोठं कारण वेगळं आहे, त्यावर घरात कोणी बोलत नाही. आमच्या गल्लीतला एक माणूस दोन वर्षांमागे मोटरसायकलच्या अपघातात गेला. विम्याचे कागद त्याच्या बायकोनं माझ्याकडूनच भरून घेतले होते. 'मृताचा वाहन परवाना' या ओळीवर आम्ही दोघी थांबलो. परवाना नव्हता. पुढे ते प्रकरण अडूनच राहिलं. तेव्हापासून यांच्या मागे मीच लागले होते की परवाना काढा, दुचाकीचा आणि ट्रॅक्टरचाही. आणि आता मीच आडवी झाले, असं यांना वाटतंय.

तालुक्यात एजंट आहेतच. पैसे दिले की ते परीक्षेसह सगळं करून देतात. हे तसं करू शकले असते. बायकोला विचारलं, कारण बायको फुकट आहे. (हे वाक्य खोडणार होते, राहू देते.)

माझ्या दहावीच्या वेळी आमच्या केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठ्या पडायच्या. बाहेर मामा, काका, भाऊ उभे असायचे, झाडावरसुद्धा. कॉपीमुक्त अभियान, भरारी पथक वगैरे पुढे आलं. त्या उभ्या असलेल्या माणसांना कोणी चोर म्हणत नसे. ते मदत करायला आलेले असत. ज्याला मदत करायला कोणीच यायचं नाही त्या पोरीची कीव केली जायची. हे त्याच गावात वाढले, मीही.

बुधवार

आज शेतात दोघंच होतो. मोबाइलवर प्रश्नसंच काढून वेचता वेचता मोठ्यानं विचारायला लागले. आधी बोलले नाहीत. मग दुसऱ्या तासाला उत्तरं यायला लागली.

त्रिकोणी पाटी म्हणजे सावध करणारी, लाल गोल म्हणजे हुकूम, निळा चौकोन म्हणजे माहिती. "आपल्या फाट्यावरच्या बोर्डाले तं बकऱ्या बांधते. थो कशाचा म्हनावा?"

जनावर बुजेल म्हणून त्याच्या धन्यानं गाडी थांबवायला सांगितलं तर काय कराल? यावर खूप हसले. "बैल बुजला तं थांबाच लागते. हे बी काय इचारायची गोष्ट हाय?" मी म्हटलं, शहरातल्यांना विचारावं लागत असेल.

मग अपघाताचा प्रश्न आला. तुमच्या गाडीनं कोणी जखमी झालं तर काय कराल? हे क्षणभरही न थांबता म्हणाले, "पळा लागते. नाई तं लोक मारते."

माझे हात थांबले. हे चेष्टा करत नव्हते. इतकी वर्षं हा माणूस गाडी चालवतोय, मागच्या सीटवर मी बसते, पोरगी बसते, आणि हे यांचं खरंखुरं उत्तर होतं. मी संध्याकाळी कायदा काढून पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४ आहे. जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत. यांची भीतीही कायद्याला ठाऊक आहे. जमाव चवताळला म्हणून जखमीजवळ थांबणं शक्य नसेल, तर तेवढी सूट त्याच कलमात लिहिली आहे. पण ठाण्यात जाऊन सांगायचं सुटत नाही. यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे पळून सिद्धं ठाण्यात जायचं?" म्हटलं, तसंच समजा.

रविवारी मी बोट लावलं असतं तर या प्रश्नाचं बरोबर उत्तर पडलं असतं, परवाना आला असता, आणि यांच्या मनातलं उत्तर मला कधी कळलंच नसतं.

शुक्रवार

खरी अडचण आज कळली. यांना वाचायला वेळ लागतो. प्रश्नाशेजारी घड्याळ उलटं पळतं, आणि ते मराठी तर असं की मी बी.ए. झालेली, बचत गटाचे हिशेब लिहिणारी, मलाच एकेक वाक्य दोनदा वाचावं लागलं. 'अग्रक्रम', 'प्रतिबंधित', 'अनुज्ञेय'. रस्त्यावर कोणता माणूस असं बोलतो? हे प्रश्न समजून घेईपर्यंत पुढचा येतो. रविवारी तोंडातून निघालं नाही ते हेच होतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला बायकोसमोर "मले वाचता येत नाही लवकर" म्हणायला जड जातं. "तू देऊन टाक" म्हणणं सोपं.

"निदान वाचून तरी दाखव," म्हणाले. इथे मी खरंच अडखळले. उत्तर सांगणं वेगळं, प्रश्न वाचून दाखवणं वेगळं. परीक्षा रस्त्याची आहे, वाचनाची नाही, असं मला मनापासून वाटतं. पण परीक्षा एकट्यानं द्यायची हा नियम, आणि मी बाजूला बसले की माझ्याच तोंडून उत्तर निसटेल, हेही मला पक्कं माहीत. म्हणून ठरवलं की परीक्षेआधी हवं तितकं वाचून दाखवीन. परीक्षा सुरू झाली की मी आणि पोरगी विहिरीवर.

तोवर साइटवरची सराव परीक्षा रोज जेवणानंतर. आज १५ पैकी ८ आले. एकानं राहिले. चुकलेल्यात अरुंद पुलाचा प्रश्न होता. तुम्ही पुलाजवळ पोचलात, समोरची गाडी पुलावर शिरण्याच्या बेतात आहे, तर काय कराल? उत्तर असं की ती पार होईपर्यंत थांबाल. हे वेग वाढवण्यावर बोट ठेवून बसलेले.

"अहो, हे तर तुम्हाला परवाच सांगितलं होतं."

"याद हाय. पन माह्यामागं कापसानं भरलेली ट्रॉली असन अन् समोर रिकामा मोटरसायकलवाला, तं मी काहून थांबू? थो थांबन. आपल्या नाल्यावर असंच चालते."

"इथं ट्रॉलीचं काही लिहिलं नाही. थांबीन म्हणा, एक मार्क मिळेल."

"नाई. जे मी करत नाई थे कायले लिहू? खोटं होते थे."

रविवारी माझ्या बोटानं पास व्हायला निघालेला हाच माणूस. मी म्हटलं, मग नववा मार्क कुठून आणणार? तर म्हणाले, "पिवळ्या लाइटचं पाठ करतो. थे पटते मले."